पारव्याचे ओले पाय

कल्लवाडीच्या मायाप्पा धनगराला उंची देताना देवानं हात आखडता घेतला आणि ती सगळी कसर गळ्यात भरून काढली. मेंढरांत उभा राहिला तर नुसतं मुंडासं दिसायचं, पण तोंड उघडलं की अख्खं गाव त्यात मावायचं. गावचा तलाठी बोलण्याआधी दोनदा खाकरायचा आणि मग "कायद्यानं बघता..." अशी सुरुवात करायचा. मायाप्पा चावडीच्या भिंतीआडून नुसता दोनदा खाकरला तरी पारावर बसलेले लोक बिड्या विझवून उभे राहायचे. मैंदर्गीच्या बाजारात तर एकदा त्यानं स्वतःचाच तोटा करून घेतला. मेंढी विकली, गिऱ्हाईक दावं धरून निघालं आणि ह्याला लहर आली. मागून त्यानं तिच्या कोकराची हाक काढली, "बेंऽऽ!" मेंढी जी फिरली ती गिऱ्हाइकाला ओढत थेट मायाप्पाच्या पायाशी. गिऱ्हाईक म्हणालं, "असली माघारी फिरनारी मेंढी नगं बाबा." त्या दिवशी अंबुबाईनं, म्हणजे मायाप्पाच्या बायकोनं, भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "आज जेवनार कोन, कोकरू का मायाप्पा?"

पण ह्या गुणाला एक खोट होती. मायाप्पा खरं बोलला तरी कुणाला ते खरं वाटत नसे. गावात म्हणायचेच, "मायाप्पाचं तोंड म्हंजे धर्मशाळा. आत कोन उतरलंय ते आदी इचारून घ्यावं."

ही गोष्ट तीस-बत्तीस सालच्या एका उन्हाळ्याची. कल्लवाडीच्या विहिरीनं फाल्गुनातच तळ दाखवला. पंचांनी ठरवलं, आधी माणसं, मग गुरं. मेंढरांचं नाव कुणी काढलंच नाही. चारा होता, माळावर वाळलेलं कुसळी गवत होतं, बाभळीच्या शेंगा होत्या. नव्हतं ते पाणी. मायाप्पाचा थोरला भाऊ बिरप्पा सगळ्या धनगरांचा म्होरक्या. त्यानं घोंगडं झटकलं आणि सांगितलं, "येत्या सोमवारी हालायचं. भीमेच्या काटानं खाली. मिरग निघाल्यावर माघारी."

मायाप्पानं मान हलवली, आणि घरी येऊन अंबुबाईकडे बघितलं. तिला सातवा महिना होता.

दोन वर्षांपूर्वी ह्याच वाटेवर, भीमेच्या अलीकडे एका वाकड्या बाभळीखाली, अंबुबाई बाळंत झाली होती. मुलगी सकाळी आली आणि दिवस मावळायच्या आत गेली. नाव ठेवायचंही राहिलं. मागच्या साली मेंढरं त्याच बाभळीवरून गेली तेव्हा अंबुबाईनं पदर ओढून तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. त्याविषयी ती कधी बोलली नाही. मायाप्पानंही कधी विचारलं नाही. आता मात्र ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "आवं, ह्या बारीला मी न्हाई यायची. तुमी जावा. मी हितंच ऱ्हाते."

"एकली?"

"मग काय करू? मेंढरं हितं ठिवता का? पाजता का त्यास्नी?"

 उत्तर सुचलं नाही की मायाप्पा कुणाचा तरी आवाज काढायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड. त्यानं दोनदा खाकरलं. "कायद्यानं बघता..."

"ऱ्हाऊ द्या की ओ ते," अंबुबाई म्हणाली. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मायाप्पा मेंढरं घेऊन माळावर गेला. गावामागच्या त्या काळ्या खडकाळ माळाच्या अंगाला एक तोंड आहे. अडीच हात रुंद, सरळ खाली गेलेलं. त्याला सगळे 'गवी' म्हणतात. गवी म्हणजे कानडीत गुहा. आत सिद्ध बसलाय, कुणी उतरू नये, अशी समजूत. उतरण्यासारखं काही नव्हतंही, तोंड अरुंद आणि आत पोट सुटलेलं, पाय टेकायला भिंतच नाही. त्या तोंडातून एक पारवा फडफडत वर आला, मायाप्पासमोरच्या खडकावर क्षणभर बसला आणि उडून गेला. खडकावर त्याच्या पायांचे तीन-तीन बोटांचे ठसे राहिले.

ओले.

मायाप्पानं वाकून बोट लावलं. बोट जिभेला लावलं. तो बघत असतानाच उन्हानं एकेक ठसा पुसून टाकला. मग दुसरा पारवा आला, त्याचेही पाय ओले.

त्यानं मेंढरं तशीच वळवली आणि बिरप्पाला गाठलं. बिरप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पारव्याचं पाय! उद्या म्हनशील, कावळ्यानं तांब्या भरून दिला. सोमवारी हालायचं."

राहता राहिले दोन दोस्त.

एक चनबसप्पा. लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि सगळं नाकातून. त्याच्या मळ्यात मोट होती. विहीर आटल्यामुळे मोटेचे बैल बसव्या आणि रुद्र्या दावणीला उभे राहून माशा मारत होते. दुसरा हुसेनसाब. मूळ मैंदर्गीचा, सोलापुरात एका गिरणीत फिटर, रजेवर घरी आलेला. पेच दिसला की फिरवून बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"एनो मायाप्पा, तुला डोस्कं हाय का इल्ल?" चनबसप्पा म्हणाला. "सिद्धाची जागा ती. वरून पाय घसरला तर थेट कैलास."

"पारव्याला सिद्ध काय म्हनत न्हाई. मला का म्हनंल?"

"पारव्याला पंख हाईत."

"तुज्या मोटंचा नाडा हाय की."

हुसेनसाबचे डोळे चमकले. मोटेचा नाडा म्हणजे मनगटाएवढा जाड दोर, पाण्यानं भरलेली कातडी मोट रोज शंभरदा ओढणारा. "हौ, वो चलेगा," तो म्हणाला. "मोट का चाक भी ला. ऊपर दो लकडे आडवे डालता मैं. आदमी कित्ता भारी? मोट से हलका. और ये मायाप्पा तो रिकामी मोट हाय जी."

चनबसप्पानं हनुवटी खाजवली. मायाप्पानं त्या वेळी कुणाचाही आवाज काढला नाही. म्हणाला, "चनबसू, सोमवारपतूर पानी घावलं न्हाई तर अंबूला हितं एकली टाकून जायाचं, न्हाईतर त्याच बाभळीखालनं न्यायाची."

चनबसप्पानं हनुवटी खाजवायची थांबवली. "उद्या येरवाळी बैल आणतो," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तिघं गवीच्या तोंडाशी जमले. हुसेनसाबनं दोन जाड बाभळीचे सोट तोंडावर आडवे टाकून दगडांनी दाबले, त्यावर मोटेचं चाक बसवलं आणि तीनदा फिरवून बघितलं. मायाप्पानं आपलं घोंगडं काढून खडकाच्या धारेवर घडी करून ठेवलं, नाडा घासून तुटू नये म्हणून. नाड्याच्या टोकाला बसायला फासा केला. हुसेनसाबनं सायकलची, पाणी पडल्यावर गॅस धरून जळणारी कार्बाईडची बत्ती आणली होती, तिच्यात पाण्याचे थेंब टाकताना तो म्हणाला, "गाँव में पीने को नै, और मैं बत्ती को पिलातूँ." मायाप्पानं चिमूटभर भंडारा आत उधळला. चनबसप्पानं विभूतीचं बोट खडकाला लावलं. हुसेनसाबनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. आता सिद्धानं कुणाचं ऐकायचं ते त्याचं त्यानं बघावं.

बैल उतारावर जुंपून उभे होते. मोटेवर असते तशीच शिस्त: बैल मागे सरले की नाडा खाली जाणार, पुढे गेले की वर येणार.

"माजी बैलं म्हंजे माजी बैलं," चनबसप्पानं बजावलं. "मी गाणं म्हनल्याबिगर एक खूर उचलणार इल्ल. आभाळ पडू दे. बारा वर्सं झाली, एकच गाणं, एकच आवाज." आणि त्यानं नाकातून सूर लावून दाखवला, "बारो बसव्या, बारो रुद्र्या, नीरु तगोंड बारोऽऽ." म्हणजे ये रे बसव्या, ये रे रुद्र्या, पाणी घेऊन ये. बसव्यानं लगेच कान टवकारले. "हां हां, अजून न्हाई," म्हणून त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

आधी हुसेनसाब उतरला, मग मायाप्पा. चाक कुरकुरत होतं. मायाप्पाच्या पायाखाली काही नव्हतं, वर एक निळा तुकडा होता आणि तो लहान लहान होत होता. आत गारवा होता. पारवे कुठंतरी घुमत होते. सात परस खाली, म्हणजे हात वर करून उभी राहिलेली सात माणसं एकावर एक रचली तर जेवढं होईल तेवढं खाली, पायाला दगड लागला. पडवीएवढा रुंद कट्टा. हुसेनसाब तिथं बत्ती धरून उभा होता. कट्ट्याच्या पलीकडे नुसता अंधार.

हुसेनसाबनं दगड उचलून अंधारात टाकला. दोघांनी श्वास धरला.

खट्.

दुसरा टाकला. खट् खट् खट्, आणि गप्प.

"सुक्का," हुसेनसाब हळूच म्हणाला. "सुक्का है, भाई."

 बत्तीच्या उजेडात हुसेनसाबला दिसू नये म्हणून मायाप्पानं तोंड फिरवलं. आणि त्या तोंडातून बाहेर पडला तो तलाठी. दोनदा खाकरून तो म्हणाला, "कायद्यानं बघता, सदरहू गवीत पाणी नाही!" पोटसुट्या गवीनं ते उचललं आणि चारी बाजूंनी चार तलाठी म्हणाले, पाणी नाही, पाणी नाही. हुसेनसाबला हसू आवरेना. हसत हसतच त्यानं फासा पायांखालून घेतला, कमरेशी गाठ बघितली, बत्ती गळ्यात अडकवली. "मैं पहले जातूँ. तू पीछे से आ. चनबसप्पा को आवाज दे."

चनबसप्पाला हाक मारायची होती. नुसती हाक. पण मायाप्पाच्या तोंडात तोवर चनबसप्पाच उतरला होता. नाकातून सूर लागला, "बारो बसव्याऽऽ, बारो रुद्र्याऽऽ..." आणि गवीचं तोंड म्हणजे जणू कर्णाच. सूर भिंतींना घासून मोठा होत होत वर गेला.

वर चनबसप्पा बैलांपासून पंधरा पावलांवर तंबाखूला चुना लावत होता. बारा वर्षांचं गाणं, बारा वर्षांचा आवाज. बसव्या-रुद्र्यानं मान खाली घातली आणि उतार धरला.

"अरे! अरे नक्को! अरे नक्को रेऽऽ!" हुसेनसाब जमिनीवरून सुटला. मायाप्पानं बघितलं तोवर त्याच्या वहाणा डोक्याच्या उंचीवर होत्या, मग बत्ती तेवढी दिसत होती, मग तीही नाही. वरून धप्पकन आवाज, मग चनबसप्पाची बोंब, "थांब! निल्लो! माजं गाणं कुणी म्हटलं रे?" आणि बैलांच्या घुंगरांचा दूर जाणारा नाद.

मायाप्पा अंधारात एकटा राहिला. दोर नाही, बत्ती नाही.

त्यानं भिंतीला पाठ लावून बूड टेकलं. भीती घालवायला तलाठी काढावा म्हटलं, पण खाकरायला घसा ओला लागतो, तो कोरडा होता. बिरप्पा काढावा म्हटलं, तोही येईना. धर्मशाळेतले सगळे पाहुणे उठून गेले होते. आत राहिला होता एकटा धनी, आणि त्याला बोलायची सवय नव्हती. म्हणून मायाप्पा गप्प बसला. असा गप्प तो किती वर्षांत बसला नव्हता कोण जाणे.

आणि म्हणूनच त्याला ऐकू आलं. एक पारवा त्याच्या गुडघ्याजवळून गेला. खाली नाही, वर नाही, डावीकडं, आडवा. पंखांचा आवाज भिंतीत शिरला आणि बुजला. मग बराच वेळ काही नाही. मग टिप्. बऱ्याच वेळानं पुन्हा टिप्.

मायाप्पा हातांनी चाचपत सरकला. भिंतीच्या बुडाशी एक घळ होती, मेंढी शिरेल एवढी. दुसरा कुणी असता तर खांद्यात अडकला असता. मायाप्पा शिरला. कोपरांवर, पोटावर, दगडाची धार पाठीला लागत. चार हात, सहा हात. वास बदलला. ओल्या मातीचा, शेवाळाचा. त्यानं हात पुढं टाकला आणि तो दंडापर्यंत गार पाण्यात गेला.

तो आधी प्यायला. मग हसला. मग तिथंच पडल्या पडल्या थोडा रडला. अंधारात कोण बघतंय. मग मुंडासं सोडून पाण्यात बुडवलं आणि मागं सरकत कट्ट्यावर आला.

"पानी हाय!" तो ओरडला. "आरं, पानी हाय!"

 वरून चनबसप्पाचं नाक: "हा कुणाचा आवाज?"

"उसकाच है," हुसेनसाब म्हणाला. त्याची दोन्ही कोपरं सोलली होती आणि तो फार रागात होता. "पर अभी बोल्या पाणी नै. कायदे से बोल्या!"

"माजाच आवाज हाय रं!"

"आता 'माजाच' म्हनतोय, ते कुणाचं?" चनबसप्पानं विचारलं. "माजं गाणं चोरलं ते चोरलं, वर आता मस्करी. ऐक मायाप्पा, बैलं माजी बाभळीत जाऊन अडकली होती."

मायाप्पानं तोंड उघडलं आणि मिटलं. ह्या लोकांना कुठल्या आवाजात सांगितलं म्हणजे पटेल? सगळे आवाज वापरून झाले होते. "नाडा सोड," तो म्हणाला. "बोलत न्हाई मी. वर काय येतंय ते बग."

नाडा आला. त्यानं मुंडासं फाशाला बांधलं. चनबसप्पानं हातानंच ओढून घेतलं आणि धारेवर धरून पिळलं. खडकावर पाणी पडलं, चांगलं ओंजळभर. दोघांपैकी कुणी बोलायच्या आत बसव्यानं मान लांबवली, मुंडाशाचं टोक तोंडात धरलं आणि डोळे मिटून चोखायला लागला.

"यप्पा!" चनबसप्पा म्हणाला. बसव्यावर त्याचा विश्वास होता.

सोमवारी बिरप्पा स्वतः बघायला आला. खालच्या घळीत त्याचा एक खांदासुद्धा शिरला नसता, एवढा तो रुंद. त्यानं वर आलेली घागर हुंगली, बोट घातलं, थोडा वेळ भावाकडं बघितलं. "माज्या मेंढरांस्नी ते पुरायचं न्हाई. मी जातो," तो म्हणाला. "तुजी तू ठेव हितं." आणि जाता जाता मागं न बघता, "अंबूला जप."

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी तेच चाललं. मायाप्पा खाली, घळीतून घागर भरून कट्ट्यावर आणायचा, फाशाला अडकवायचा आणि नाड्याला दोन हिसके द्यायचा. वर चनबसप्पा गाणं म्हणायचा आणि बैल चालायचे. रजा संपायच्या आत हुसेनसाबनं चाकाला वंगण लावून दिलं आणि एक नियम घालून दिला: गवीत उतरलेल्या माणसानं चकार शब्द काढायचा नाही. "नै तो घागर के साथ तू भी उडता," तो कोपरं दाखवून म्हणाला. दोन महिने मायाप्पानं तो नियम पाळला. माळावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटायचं, चनबसप्पा वेडा झालाय, रिकाम्या भोकासमोर गातोय. पाणी उतरत होतं, पण दमानं. मेंढरं रोज अर्धपोटीच पाणी प्यायची आणि आणखी मागायची. पण जगली.

ज्येष्ठात काशम्मा सुईणीनं मुलीला घोंगड्यात गुंडाळून बाहेर आणलं. पोरगी असं काही रडत होती की गोठ्यातली कोकरं उभी राहिली. आतून अंबुबाईचा थकलेला आवाज आला, "आवं, काडा की हिचा आवाज."

मायाप्पानं मान तिरकी करून ऐकलं, तोंड उघडलं, पुन्हा ऐकलं. "न्हाई जमत," तो म्हणाला. "ही अजून कुनासारकी न्हाई."

"यव्वा!" काशम्मा म्हणाली. "मायाप्पाला जमंना!"

पुढच्या वर्षी विहिरीला पाणी बरं होतं, तरी चाऱ्यासाठी मेंढरं भीमेकडं निघाली आणि अंबुबाई पोरीला पाठीशी झोळीत बांधून बरोबर निघाली. तिसऱ्या दिवशी वाकडी बाभळ आली. मायाप्पा चालत राहिला. मागं पावलं थांबल्याचं कळलं तेव्हा तो वळला. अंबुबाई बाभळीखाली उभी होती.

"हितं बसू की घटकाभर," ती म्हणाली.

ते बसले. मेंढरं पुढं चरत गेली. अंबुबाईनं बाभळीच्या बुडाची माती हातानं थोडी सारखी केली आणि हात तिथंच ठेवला.  पोरगी झोळीतून सुटून माती चिवडत होती. पुढं जाणाऱ्या मेंढरांकडं बघून तिनं ओठ बाहेर काढले आणि म्हणाली, "बेंऽऽ."

कळपातली एक म्हातारी मेंढी थांबली. वळली आणि भराभरा माघारी यायला लागली.

मायाप्पानं अंबुबाईकडं बघितलं. "मी न्हाई हां."

"म्हाईत हाय," अंबुबाई म्हणाली, आणि त्या बाभळीखाली तिला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.